पहिलं वाक्य मनात हाय

सोजरबाई गेल्या हे भांडगावात सकाळी सातला कळलं, पाटसच्या पाहुण्यांना साडेसातला, दौंडला आठला. फ्रान्सात राहणाऱ्या मोनिकाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, कळलं तेव्हा तिकडे अजून उजाडायचं होतं. पण मोनिकाच्या सहा वर्षांच्या पोरीला ते कळायला सात महिने लागले, आणि कळलं तेही हौसरावांच्या चुकीमुळे.

पोरीचं नाव म्हाळसा. लेक परदेशात वाढणार, निदान नावात तरी जेजुरी असावी, असं जावयांचं म्हणणं. तिथल्या शाळेत तिला मालसा म्हणतात आणि घरात म्हाळू. दर रविवारी दुपारी चार वाजता आज्जीचा आणि म्हाळूचा फोन चाले, एकमेकींची तोंडं बघत. आज्जी मराठीत बोले, म्हाळू फ्रेंचमध्ये, आणि दोघींना सगळं समजे. आज्जी कोंबडी उचलून दाखवी, म्हाळू हलणारा दात दाखवी. कोंबडीचं नाव काय, दात कधी पडणार, सगळी विचारपूस होई. या सगळ्यात हौसरावांचं काम फोन धरण्याचं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस, हात हलू द्यायचा नाही हे अंगात मुरलेलं. त्यांच्याइतका स्थिर फोन भांडगावात कोणी धरत नसे, असं सोजरबाईच म्हणायच्या. हौसरावांचं त्यांनी उघड केलेलं हे एवढंच कौतुक.

बाई गेल्यावर मोनिका एकटीच येऊन दहावं-तेरावं करून गेली. पोरीला तिनं सांगितलं, आज्जी शेतात गेलीय. पुढच्या रविवारीही आज्जी शेतातच. असे सात महिने. शेत दीड एकर आहे, पण म्हाळूची समजूत झाली असावी की आज्जीच्या शेताला दुसरा बांधच नाही.

मग जेठातल्या एका रविवारी हौसरावांनी फोन रोजच्या कपाटाला न टेकवता तांब्याला टेकवला, कारण कपाटात मुंग्या झाल्या होत्या. आता त्यांच्या पाठीमागे दुसरी भिंत आली. त्या भिंतीवर सोजरबाईंचा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार होता.

म्हाळू बोलता बोलता थांबली. तिनं फोटो पाहिला, मग आबांकडे पाहिलं. एक वाक्य विचारलं आणि उठून गेली.

"काय म्हणली गं?" हौसरावांनी विचारलं.

"काही नाही आबा. भूक लागलीय तिला," मोनिका म्हणाली.

भुकेचं तोंड असं नसतं, एवढं हौसरावांना कळत होतं. काट्यावर आकडा एकदाच पुकारतात, गाडीचं चाक हलायच्या आत तो लिहून घ्यावा लागतो. त्या सवयीनं त्यांनी लाइटबिलाच्या पाठीवर कानात राहिलेलं लिहून टाकलं. *त्यू ला मीझ ऊ.*

त्यानंतर म्हाळू फोनवर येईना. चार वाजता फोन लागायचा, मोनिका इकडचं तिकडचं बोलायची आणि तिच्या मागं रिकामा सोफा दिसायचा. सोफा चांगला होता. पण सोफ्याशी माणूस किती रविवार बोलणार?

शेजारचे पोपटराव निवृत्त ग्रामसेवक. सल्ला देणं ही त्यांची उरलेली नोकरी. त्यांनी चष्मा पुसला, बिल आधी पुढून वाचलं, "युनिट लई जळल्यात" म्हणाले, मग उलटं केलं.

"सोपं हाय. त्यू म्हंजी तू. ला आपलाच. तुला, मला, तिला, त्यातला. राहिलं मीझ. मीझ म्हंजी मीठ असणार. तुला मीठ."

"मला मीठ कशापायी?"

"आता ती तिकडची चाल असंल. आपल्यात लिंबू-मिरची न्हाई का? तसं तिकडं मीठ."

"आन् शेवटचा ऊ?"

"तेवढा ऊ इचारावा लागंल कुणाला तरी," पोपटराव म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकी कबुली भांडगावानं पहिल्यांदाच ऐकली.

विचारायचं कुणाला हे एसटीनंच सांगितलं. हौसराव चौफुल्याच्या थांब्यावर उभे असताना शिरूरची गाडी समोरून गेली आणि तिच्या पाठीवर पाटी होती, परदेशी भाषा शिका, जर्मन, जपानी, फ्रेंच. हौसराव पुढच्या गाडीनं शिरूरला गेले.

क्लास बसस्टँडच्या मागं, बियाण्याच्या दुकानावर. जिन्यात खतांची पोती, वर पंखे, आणि पंख्याखाली सुलक्षणा मॅडम. वय तिशीचं असेल. त्यांनी बिल हातात घेतलं, ओठांतल्या ओठांत वाचलं आणि खुर्ची पुढं केली.

"बसा आजोबा. हे कुणी विचारलं?"

"नातीनं. सा वर्साची हाय."

मॅडमनी बिल टेबलावर सरळ केलं. "ती विचारतेय, तू तिला कुठं ठेवलंस?"

खाली दुकानात कोणी तरी मक्याच्या बियाण्याचा भाव करत होतं, तो संपेपर्यंत हौसरावांनी बिलावरचे शब्द बोटानं मोजले. मग म्हणाले, "ह्यात 'तिला' कुठं हाय?"

"हा बघा, हा नुसता ल. 'ला'मधला. 'तिला' एवढ्याशा ल मध्ये बसलीय."

हौसरावांनी तो ल बराच वेळ पाहिला. एवढी मोठी बाई, बाजाराची दोन पोती डोक्यावर आणणारी, एवढ्याशा अक्षरात कशी मावली, याचं त्यांना नवल वाटलं. थोडं बरंही वाटलं. ठिकाण लहान होतं, पण होतं.

"मला ह्येचं उत्तर द्यायचंय," ते म्हणाले. "तिच्या भाषेत."

"मी लिहून देते की. फोनवर वाचून दाखवा."

"वाचल्यालं नको. पोरगी डोळ्यात बघती. आन् तिनं पुढं काय इचारलं तर? तवा काय तुमाला धरून आनू?"

अशा रीतीनं एका वाक्यासाठी हौसराव एकोणसत्तराव्या वर्षी शाळेत गेले.

गेले म्हणजे, जायचा प्रयत्न केला. क्लास कुठल्याशा योजनेतून चालत होता आणि फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता. कारकुनानं जन्मतारीख टाकली आणि मान हलवली.

"आजोबा, अठरा ते पस्तीस. तुम्ही यात बसत नाही."

"मी हुबा ऱ्हातो."

कारकून भला होता. त्यानं सगळे चौकोन चाचपून पाहिले आणि शेवटी एका चौकोनात वयाची अट नाही असं त्याला आढळलं. तो चौकोन पालकांचा. मग वर्गातल्याच, कोरेगाव भीमाच्या अंकिताच्या नावापुढं पालक म्हणून हौसराव लागले. अंकिता तिथल्याच एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात होती, सत्तावीस वर्षांची, पदरात एक पोर. कंपनी तिला सहा महिने फ्रान्सला पाठवणार होती. तिला एक नवरा होता, सासू-सासरे होते, आणि आता शासनदरबारी एक पालकही झाला. पुढं ती गैरहजर राहिली की "आपली पाल्य आज वर्गात आली नाही" असा निरोप हौसरावांच्या मोबाइलवर येऊ लागला आणि ते तिला न चुकता फोन करून खडसावू लागले. अंकिताच्या सासूला सुनेचा हा नवा पालक फार आवडला. तिनं त्यांना कुरडया पाठवल्या.

फॉर्ममध्ये पुढं पत्नीचं नाव होतं.

"सांगा," कारकून म्हणाला.

हौसरावांनी पिशवीतून सोजरबाईंचं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "ह्यावर हाय."

"वाचून सांगा की, मी टाइप करतो."

"तुमीच वाचा. चष्मा न्हाई."

चष्मा नाकावर होता. पण खरं कारण सांगायची सोय नव्हती. हौसरावांनी लग्नाला शेहेचाळीस वर्षं होऊनही बायकोचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. त्यांच्या पिढीत, त्यांच्या भावकीत कुणीच घेत नसे. "अगं", "ऐकलं का", पुढं "मोनिकाची आई". परक्यापुढं "आमच्या घरात". वरातीच्या दिवशी बहिणींनी दार अडवलं, नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणाल्या. सोजरबाईंनी उखाण्यात ठणठणीत नाव घेतलं आणि हौसराव गर्दीतून सटकले. परड्याकडून गोठ्यात, गोठ्यातून चुलीपाशी. नवरी उंबऱ्यावर आणि नवरदेव आत भाकरीच्या टोपल्याआड. पुढं जन्मभर सोजरबाई चारचौघांत म्हणायच्या, "आमच्या मालकांकडं एक उखाणा ऱ्हायलाय." हौसराव म्हणायचे, "घिऊ की. पळून चाललाय का उखाणा?"

कारकुनानं नाव टाइप केलं. पुढं दोन चौकोन होते. हयात, मयत. "यातलं एक?"

"त्ये ऱ्हाऊ द्या सध्या," हौसराव म्हणाले.

वर्ग शनिवारी भरे. पहिल्या चार शनिवारी नमस्कार, आकडे, फळं, भाज्या झाल्या. पाचव्या शनिवारी मॅडम नावाच्या जागी येणाऱ्या शब्दांवर आल्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, *ज रगार्द ला तेले,* मी टीव्ही बघते. "आता टीव्ही परत परत कशाला म्हणायचं? टीव्ही काढा आणि तिच्या जागी ला ठेवा. त्यांच्यात टीव्ही बाई आहे. मग वाक्य काय होईल?"

वर्गातली पोरं सगळी इंग्रजीच्या सवयीची. त्यांनी ला उचलला आणि शेवटी नेऊन ठेवला. मॅडमनी तीन जणांना खाली बसवलं.

"आजोबा, तुम्ही?"

हौसरावांनी मनात मराठीत म्हटलं, मी तिला बघतो. आणि तसंच सांगितलं. "ज ला रगार्द."

"वा! ला क्रियापदाच्या आधी! कसं सुचलं?"

"ती आधी. बघनं मागनं," हौसराव म्हणाले. "आपल्यात तसंच हाय की."

ही बातमी भांडगावात पोचेपर्यंत तिचं रूप पार बदललं. हौसरावांनी इंग्लिश मीडियमच्या पोरांना फ्रेंचमध्ये हरवलं, मॅडम त्यांना विचारून शिकवतात, आणि बहुधा फ्रान्स सरकार त्यांना बोलावणार. पोपटराव पारावर सांगत होते, "ला आपलाच हाय ह्ये मीच त्यांना सांगितलं हुतं."

पण विद्या अशी सरळ चालत नाही. पुढच्या शनिवारी ल्वी आला. मी तिला बघतो, तिथं ला. मी तिला देतो, तिथं ल्वी. हौसरावांनी आपल्या सवयीनं दोन्हीकडे एकच "तिला" लावली आणि जे वाक्य बनलं त्याचा अर्थ, मॅडम म्हणाल्या, "मी बायकोला दुसऱ्याला देऊन टाकतो" असा झाला. वर्ग हसला. शिवाय ल्वी बाप्यालाही चालतो आणि बाईलाही.

"मग त्यात ती बाई हाय ह्ये कळायचं कसं?"

"आधीच्या वाक्यावरून."

चौफुल्याच्या वाटेवर खिडकीशी बसून हौसराव याचाच विचार करत. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच न्हावऱ्याचा थांबा, परत ऊस. गाडी एका चालीनं हलत राही आणि डोक्यात शब्द सुट्टे होऊन तरंगत. मी तिला बघतो, हे तर रोजचंच होतं. शेहेचाळीस वर्षं, बहुतेकदा ती पाठमोरी असताना. पण मी तिला देतो? काय दिलं? एकदा इस्त्री दिली होती. एकदा दौंडच्या बाजारातून छत्री, तीही काळी. ल्वीची वाक्यं करायला बसलं की वही रिकामी राही, आणि लाची पानंच्या पानं भरत. शेजारची जागा मोकळी असली तरी तिच्यावर ते पिशवी ठेवत नसत. का, हे त्यांना कोणी विचारलं नाही. एकदा कंडक्टर जयसिंग म्हणाला, "आबा, पिशवी मांडीवर कशाला, जागा हाय की," तर म्हणाले, "असू दे, हलकी हाय."

भूतकाळ आला तेव्हा तर त्यांना स्वप्नात असल्यासारखं वाटलं. मॅडमनी सांगितलं, "तिला" जर आधी आली तर मागून येणारं क्रियापदही तिच्यासारखं होतं, बाईच्या रूपात येतं. म्हणून 'ठेवलं' याचं 'ठेवली', म्हणजे *मीझ* झालं. पोरांनी कपाळाला हात लावला. हौसरावांना त्यात कठीण काही दिसलं नाही. ती पुढं चालली की मागचं सगळं तिच्यासारखं होतं, हे त्यांनी घरात पाहिलं होतं. कोंबड्यासुद्धा तिच्यासारख्या मान वाकडी करून बघत.

एवढ्यावर उत्तर तयार झालं. *ज ले मीझ दां ला रिव्हिएर.* मी तिला नदीत ठेवलं. राख खरंच दौंडला भीमेत सोडली होती. पण हे गावात कळलं आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. पोपटरावांच्या मंडळी म्हणाल्या, "नदीत काय सांगता भावजी? पोरगी भिईल. चांदणी झाली म्हना." शाळेचे गुरुजी म्हणाले, "देवाघरी गेली म्हणा, सुटसुटीत." पोपटराव म्हणाले, "अजून थोडे दिस शेतातच ऱ्हाऊ द्या."

"पोरीनं कुठं गेली इचारलंच न्हाई," हौसराव म्हणाले. "कुठं ठेवलीस इचारलंय. मी ठेवली, मीच सांगनार."

भाद्रपदात वर्गात चाचणी झाली. दोन-दोन वाक्यांच्या जोड्या करायच्या. पहिल्या वाक्यात घरच्या एका माणसाचं नाव, दुसऱ्यात त्या नावाच्या जागी ल किंवा ला. हौसरावांनी पानभर लिहिलं. मी तिला बघतो. मी तिला हाक मारतो. मी तिची वाट बघतो, यातही फ्रेंचवाले 'तिला'च लावतात, म्हणून तेही. एकही चूक नाही.

"सगळं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण आजोबा, ही सगळी दुसरी वाक्यं झाली. पहिली कुठायत? ला म्हणजे कोण?"

"पहिलं वाक्य मनात हाय."

"मनातलं मला तपासता येत नाही ना. नाव हवं. त्याशिवाय ही 'ती' कुणीही होऊ शकते. टीव्हीसुद्धा."

टीव्ही म्हटल्यावर हौसरावांचे कान लाल झाले. तेवढ्यात त्यांची पाल्य अंकिता उठली. "मॅडम, आबा नाव घेत नाहीत. त्यांच्यात तसंच असतं. उखाण्यात घेतील! घ्या आबा, उखाणा घ्या!" आणि तीसच्या तीस पोरापोरींनी बाकं वाजवायला सुरुवात केली. उखाणा! उखाणा! खालून बियाण्याचा दुकानदार काय पडलं म्हणून वर आला आणि तोही टाळ्या वाजवू लागला.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी मागं परडं होतं. इथं एकच जिना. हौसरावांनी वही पिशवीत घातली, छत्री घेतली आणि दुकानदाराला बाजूला सारून ते खाली उतरले. आपल्या पाल्याला त्यांनी जाता जाता एवढंच सांगितलं, "सासूला सांगतो थांब."

गाडीत बसले आणि चिडलेल्या माणसाला लागते तशी त्यांना गाढ झोप लागली. झोपेत वजनकाटा होता. उसानं भरलेली बैलगाडी काट्यावर आली आणि मोळ्यांवर सोजरबाई बसलेली. त्यांनी भरल्या गाडीचं वजन घेतलं. मग ऊस उतरला, तीही उतरली, बांधाबांधानं निघून गेली. रिकामी गाडी परत काट्यावर आली. भरल्यातून रिकामं वजा केलं की माल कळतो, असा काट्याचा नियम. हौसरावांनी पाहिलं तर आकडा तोच. पुन्हा घेतला, तोच. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. ते केबिनमधून ओरडले, "अगं थांब, तुझं वजन गाडीतच ऱ्हायलंय!" पण तोंडातून आलं, "ज ला व्वा! ज ला व्वा!"

म्हणजे मी तिला बघतोय. पण हे गाडीतल्या कुणाला ठाऊक असणार? पुढच्या बाकावरच्या बाईनं पिशवीतून अंगारा काढून त्यांच्या कपाळाला फासला आणि अंगातल्या भुताला "सोड, झाडाला सोड" म्हणत तीनदा हात ओवाळला. हौसराव जागे झाले ते थेट दौंडला. चौफुला मागं राहिलं, पाटस मागं राहिलं.

"उठवलं न्हाईस?" त्यांनी जयसिंगला विचारलं.

"तुमी बोलत हुता आबा," जयसिंग म्हणाला. "कुनाशी तरी चाललं हुतं. मधी कसं बोलायचं?"

परतीच्या गाडीला वेळ होता. पाय आपसूक नदीकडे वळले. ऊन उतरलं होतं, भीमा संथ होती, पाण्यात पलीकडच्या बाभळी उलट्या उभ्या होत्या. राख सोडली होती त्याच पायरीवर हौसराव थांबले. आजूबाजूला कोणी नव्हतं. बाकं नव्हती, दुकानदार नव्हता. पहिलं वाक्य इथं म्हणून बघावं. त्यांनी तोंड उघडलं. नाव घशापर्यंत आलं आणि उंबऱ्यावर अडवल्यासारखं थांबलं. ते एक पायरी खाली उतरले. पुन्हा तोंड उघडलं. आणखी एक पायरी. पाणी चपलेला लागलं.

मागून कोणी तरी त्यांच्या सदऱ्याला गच्च धरलं. म्हशी धुवायला आलेला दगडोबा नावाचा गडी होता.

"आबा, इचार काय हाय?"

"सोड. एक शब्द येत न्हाई तोंडात."

"म्हनून पाण्यात हुडकता व्हय?"

कपाळाला अंगारा, पायात पाणी आणि तोंडात शब्द नाही. दगडोबानं यावरून जो अर्थ काढायचा तो काढला. त्यानं एका हातानं म्हैस आणि एका हातानं हौसराव धरून वर आणले, चहा पाजला, त्यांच्याच मोबाइलवरून शेवटचा नंबर लावला. तो पोपटरावांचा निघाला. तासाभरात पोपटराव मोटारसायकलवर हजर, मागे जीप, जीपमध्ये सात माणसं आणि दोन सोल. एवढा दोर कशाला, तर म्हणे पाणी किती असेल सांगता येत नाही. परतीच्या वाटेवर हौसरावांनी नदीवर फ्रेंचचा अभ्यास चालला होता असं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा पोपटराव म्हणाले, "व्हय व्हय."

दुसऱ्या दिवशी रविवार. चार वाजता फोन वाजला. हौसरावांनी तो मुद्दाम तांब्याला टेकवला, पाठीमागे फोटो. सोफ्यावर म्हाळू बसली होती. हातात कागद, पेन्सिल. समोरचे दोन दात पडून नवे अर्धे आले होते. तीन महिन्यांत एवढं होतं.

"आबा, शाळेतून वंशवेल काढून आणायला सांगितलीय," मोनिका म्हणाली. "घरच्या म्हाताऱ्यांना स्वतः विचारून भरायची. म्हणून आलीय. नाही तर..."

हौसरावांनी हात वर केला. आधी आपलं काम. ते ताठ बसले, पोरीच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "आज्जी. ज ले मीझ दां ला रिव्हिएर."

मोनिकाचा हात तोंडावर गेला. म्हाळूनं त्यांच्या पाठीमागच्या फोटोकडे पाहिलं. मग हळू आवाजात तिनं काही तरी विचारलं.

"विचारतेय, एकटीला?" मोनिका म्हणाली.

हे उत्तर वर्गात झालं नव्हतं. हौसरावांनी मराठीतच सांगितलं, "न्हाई. मी हुतो. गुडघ्यापातुर पाण्यात. हात हलू दिला न्हाई."

मोनिकानं ते तिकडच्या भाषेत सांगितलं. म्हाळूनं मान हलवली, जणू हिशेब जुळला. मग कागद पुढं ओढला आणि बोट ठेवलं. कागदावर एक झाड होतं, फांद्यांवर चौकोन. एका चौकोनात आज्जीचं चित्र, कोंबडीसकट. खाली नावाची जागा मोकळी.

"आईचं नाव हवंय तिला. तिला आज्जीच माहीत," मोनिका म्हणाली आणि पोरीकडे वळून सांगायला लागली, तशी म्हाळूनं तिला अडवलं.

"पा त्वा," ती म्हणाली. "ल्वी." आणि पेन्सिल फोनकडे रोखली.

तू नाही. ते. हौसरावांना भाषांतर लागलं नाही. या वेळचा ल्वी ते स्वतः होते.

ते उठले. फोन हातात घेतला. जाऊन दार लावलं, कारण पोपटराव कालपासून ओसरीवर पहाऱ्याला होते. फोटोसमोर उभे राहिले.  पोरगी पेन्सिल धरून वाट बघत होती, न हलता. हात स्थिर ठेवायची ही कला पोरीनं कुणाकडून उचलली ते दिसतच होतं.

"सोजर," हौसराव म्हणाले.

पण एवढ्या हळू की तिकडे पोचलं नाही. त्यात भिंतीआड रेंज जाते. चित्र अडकलं. मोनिकाचा तुटका आवाज आला, "आबा... ऐकू... बाहेर या..."

हौसराव दार उघडून ओसरीवर आले. पोपटराव उठून उभे राहिले. "सोजर!" हौसराव म्हणाले. फोनमध्ये गोल चक्र फिरत होतं. ते अंगणात आले. "सोजर!" अर्धं ऐकू गेलं. भांडगावात खात्रीची रेंज एकाच ठिकाणी, गल्लीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीच्या चौथ्या पायरीवर. हौसराव चालत गेले, पायऱ्या चढले, फोन तोंडासमोर धरला आणि वजनकाट्यावर गाडीचा नंबर पुकारावा तसे ओरडले, "सोजर! सोऽऽजर!"

गल्लीतली सगळी दारं उघडली. पोपटरावांच्या मंडळी पीठ लागलेले हात तसेच घेऊन बाहेर आल्या. कोणाच्या तरी दारातला कुत्रा भुंकायला उठला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, परत बसला.

"सो-जार," फोनमधून बारीक आवाज आला. मग पेन्सिलीची करकर.

"जार न्हाई गं. जर. सोजर," हौसराव म्हणाले. आणखी एकदा, मग आणखी एकदा. अक्षरं पुरी होईपर्यंत सात वेळा झालं. शेवटी म्हाळूनं कागद उचलून दाखवला. तिकडची अक्षरं हौसरावांना आता वाचता येत होती. बरोबर होतं. ती म्हणाली, पुढच्या रविवारी कोंबडी दाखव. हे तिनं मराठीत सांगितलं.

पायऱ्या उतरताना खाली निम्मी गल्ली जमली होती. हौसरावांना वाटलं, आता पळायला परडं हवं होतं. कोणी हसलं नाही. पोपटरावांच्या मंडळींनी डोळ्यांना पदर लावला, पदराला पीठ लागलं, आणि मग त्याच म्हणाल्या, "पर भावजी, ह्ये तर नुसतं नाव झालं. उखाणा कुठं हाय?"

"घिऊ की," हौसराव सवयीनं म्हणाले.

शनिवारी ते शिरूरला गेले. चाचणीचा कागद परत घेतला आणि प्रत्येक जोडीत वरचं वाक्य लिहून दिलं. मॅडमनी पैकीच्या पैकी गुण दिले. फॉर्ममधला राहिलेला हयात-मयतचा चौकोनही हौसरावांनी भरून टाकला. अंकिता पौषात फ्रान्सला जाईल, तेव्हा पालक म्हणून पुण्यापर्यंत पोचवायला हौसराव जाणार आहेत, म्हाळूसाठी कुरडयांचा डबा घेऊन.

उखाण्याची पहिली ओळ वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे. तिच्यात भीमा आहे. दुसऱ्या ओळीत नाव यावं लागतं, तिथं 'तिला' चालत नाही. ती ओळ अजून झालेली नाही.